स्तन काढल्यानंतर पुन्हा आकार : ऑपरेशनच्या आधी विचारायच्या गोष्टी



गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात महिलांची आरोग्य बैठक झाली. स्तनातली गाठ कशी ओळखावी हा विषय होता. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक ताई दाराजवळ थांबून राहिल्या. पदर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा स्तन काढला होता. किमो झाले, शेक झाला, तपासण्या चांगल्या आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बरी झाले म्हणतात सगळे. पण लादी पुसताना वाकले की ब्लाउजमधला रुमालाचा बोळा वर सरकतो. एकदा कामाच्या घरी खाली पडला. मी तो पायाखाली दाबून उभी राहिले. आता म्हणे नवीन स्तन बनवता येतो. खरं का? आणि तो खऱ्यासारखा दिसतो का?"

खरे आहे. बनवता येतो. खऱ्यासारखा दिसतो का, याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

तो छापावा का, यावर आमच्यातच दोन मते होती. अंक घरात सासरे वाचतात, मुलेही वाचतात. एक कार्यकर्त्या म्हणाल्या, "जीव वाचला ना, मग आकाराचं काय घेऊन बसायचं?" असे म्हणणारी माणसे घरोघर आहेत. "आता वय झालं, कोणाला दाखवायचंय" हे वाक्य तर आम्ही नवऱ्यांपेक्षा सासू-नणंदांच्या तोंडून जास्त ऐकले आहे. आमचे मत वेगळे आहे. पाय गेलेल्या माणसाला आपण जयपूर फूट मिळवून देतो, तेव्हा "जीव वाचला ना" असे कोणी म्हणत नाही. स्तन गेलेल्या बाईने आरशात पाहावे, ब्लाउज नीट बसावा, बसमध्ये पदर धरून उभे राहावे लागू नये असे वाटणे हा नटवेपणा नाही. एक बाजू जड आणि एक रिकामी राहिली की मान, खांदा आणि पाठही दुखू शकते.

आधी एक प्रश्न : पूर्ण स्तन काढावाच लागेल का?

पुनर्रचनेकडे वळण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. गाठ लहान असेल, तर अनेकदा फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून, नंतर रेडिएशन देऊन स्तन वाचवता येतो. आपल्याकडे रेडिएशनला शेक किंवा लाइट म्हणतात, तेच हे. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या डॉक्टरांनी अशा स्त्रियांची वीस वर्षे नोंद ठेवली. दोघांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन वाचवलेल्या आणि पूर्ण काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या. गाठ मोठी असेल, एकाच स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असतील किंवा रेडिएशन देणे शक्य नसेल, तेव्हा मात्र स्तन काढावा लागतो. पुढचे सगळे त्या भगिनींसाठी.

आकार कशामुळे येतो

ज्या भगिनी घरी मशीन चालवतात त्यांना हे लवकर समजेल. कटोरी ब्लाउज आठवा. खाली पट्टी असते, वर कटोरीचे कापड असते आणि आत भराव असतो शरीराचा. पट्टी वरखाली लागली तर ब्लाउज कधीच नीट बसत नाही. कापड कमी पडले तर छाती चपटी दिसते, जास्त झाले तर झोळ येतो. स्तन पुन्हा घडवणारा प्लास्टिक सर्जन याच तीन गोष्टींशी झगडत असतो.

पट्टी म्हणजे स्तनाखालची घडी. स्तन छातीवर साधारण दुसऱ्या बरगडीपासून सहाव्या बरगडीपर्यंत बसलेला असतो आणि खालच्या घडीला तो छातीच्या भिंतीशी पक्का जोडलेला असतो. ही घडी जागेवर राहिली तर नवा स्तन "बसलेला" दिसतो. ती एक बोटभर जरी खाली सरकली, तरी दोन बाजूंचा फरक साडीतूनही कळतो. म्हणून सर्जन ऑपरेशनच्या आधी बाईला उभे करून किंवा बसवून पेनाने छातीवर रेघा मारतात. टेबलावर आडवे झाल्यावर स्तन बाजूला कलतो आणि मोजमाप चुकते. रेघा मारताना लाजू नये, सरळ उभे राहावे. वाकून उभे राहिलात तर माप चुकेल. ब्लाउजाच्या मापाचेही तसेच नाही का?

कापड म्हणजे त्वचा. आकाराच्या दृष्टीने सर्वात मोलाची वस्तू तीच. पूर्वी स्तन काढताना वरची बरीचशी त्वचाही काढून टाकत. आता काही रुग्णांमध्ये बोंडाभोवतीच्या छोट्या छेदातून आतली ग्रंथी काढतात आणि वरची त्वचा पिशवीसारखी जपतात. काहींच्या बाबतीत बोंडही वाचवता येते. अशी स्वतःची पिशवी शिल्लक असेल तर आतला भराव बदलला तरी वरून स्तन पूर्वीसारखाच दिसतो. पण कॅन्सर त्वचेपर्यंत पोहोचला असेल, गाठ फुटली असेल किंवा बोंडाच्या अगदी खाली असेल, तर डॉक्टर ही त्वचा ठेवणार नाहीत आणि आपणही तसा हट्ट धरू नये. आपल्याकडे बायका उशिरा दाखवायला येतात. गाठ दुखत नाही म्हणून सहा महिने, मग मुलीचे लग्न होऊ दे म्हणून आणखी चार. त्या दहा महिन्यांत आजार वाढतोच, शिवाय आकार परत मिळवण्याच्या वाटाही एकेक बंद होत जातात.

तिसरी गोष्ट भराव. तो कसा भरायचा? बाजूने पाहिले तर नैसर्गिक स्तन चेंडूसारखा गोल नसतो. गळ्याकडून खाली उतरत येणारी सपाट उतरण असते आणि गोलाई खालच्या भागात असते, पानावर थांबलेल्या पाण्याच्या थेंबासारखी. पॅट्रिक मलुची या ब्रिटिश सर्जनने २०१२ मध्ये मोजमाप मांडले की बोंडाच्या वर साधारण ४५ भाग आणि खाली ५५ भाग असला, की आकार डोळ्याला बरा वाटतो. सर्जन मंडळी आता हे माप वापरतात. आम्हाला मात्र एक सांगावेसे वाटते. ते माप मॉडेल मुलींच्या छायाचित्रांवरून काढलेले आहे. तीन लेकरे अंगावर पाजलेल्या पन्नाशीच्या बाईचे माप तिचा स्वतःचा दुसरा स्तन. त्याच्याशी जुळले की झाले.

भराव कुठून आणायचा

पहिली वाट इम्प्लांटची, म्हणजे सिलिकॉनची पिशवी. त्वचा पुरेशी असेल तर ती लगेच बसवता येते. नसेल तर आधी एक रिकामी फुगवणी पिशवी आत ठेवतात, तिच्यात दर काही दिवसांनी सुईने मिठाचे पाणी भरत जातात आणि त्वचा ताणली की ती काढून कायमचे इम्प्लांट बसवतात. गरोदरपणात पोटाची त्वचा हळूहळू ताणते तसेच हे. फायदा असा की ऑपरेशन लहान असते, शरीरावर दुसरीकडे जखम होत नाही आणि बाई लवकर कामाला लागते. तोटा आकाराचा आहे. इम्प्लांटचा वरचा भाग भरलेला राहतो आणि तो वयाबरोबर उतरत नाही. दुसरा स्तन उतरतो. दहा वर्षांनी दोघांत फरक पडतो. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करते, ते कधी कधी आवळते, मग स्तन कडक आणि वेडावाकडा होतो. इम्प्लांट जन्मभराचे नसते, पुढे बदलावे लागू शकते, म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा रजा. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एका दुर्मिळ प्रकारच्या कॅन्सरचा संबंध आढळला आणि २०१९ मध्ये तसले काही इम्प्लांट जगभरातून मागे घेण्यात आले. म्हणून इम्प्लांट कोणत्या पृष्ठभागाचे आहे हे विचारावे आणि त्याचे कार्ड जपून ठेवावे.

दुसरी वाट स्वतःच्याच अंगातले मांस आणि चरबी वापरण्याची. ही कल्पना बरीच जुनी आहे. १८९५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला विन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका गायिकेच्या कमरेवरची चरबीची गाठ काढून तिच्या छातीच्या रिकाम्या जागेत बसवली होती. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनीने पाठीचा स्नायू पुढे फिरवून छाती झाकण्याची पद्धत सांगितली, मग ती कित्येक दशके विसरली गेली. १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्ल हार्टरॅम्फने पोटाच्या खालच्या भागातील चरबी व त्वचा, पोटाच्या स्नायूसह वर नेऊन स्तन घडवण्याची रीत मांडली. आज या सगळ्याला डॉक्टर "फ्लॅप" म्हणतात. रुग्णालयात हा शब्द कानावर पडेल म्हणून सांगून ठेवले.

नैसर्गिक आकाराच्या बाबतीत पोटाची चरबी सर्वात सरस ठरते. ती मऊ आणि उबदार असते, आडवे झाल्यावर बाजूला कलते, वजन वाढले की वाढते, वयाबरोबर उतरतेही. पण पोटाचा स्नायू सोबत घेतला तर पोट कमजोर होते आणि पुढे हर्निया होऊ शकतो. नव्या पद्धतीत स्नायू जागेवरच ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या उचलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हे अनेक तासांचे ऑपरेशन आहे आणि ते सगळीकडे होत नाही. जोडलेली रक्तवाहिनी बंद पडली तर क्वचित सगळा फ्लॅप वाया जातो. सुरुवातीच्या दिवसांत नर्स रात्रभर येऊन फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहतात ती याचसाठी.

पाठीच्या स्नायूचे ऑपरेशन त्या मानाने सोपे असते, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मात्र पाठीवर चरबी कमी असते, म्हणून लहान स्तन असलेल्या बाईला ते पुरते, मोठ्या स्तनाला सोबत इम्प्लांट लागू शकते.

कोणती वाट घ्यायची हे ठरवताना पुस्तकात न येणारी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. ती म्हणजे बाई काम काय करते. डोक्यावर घमेले उचलणारी, हातपंप मारणारी किंवा वरच्या फळीवरून सामान ओढणारी असेल तर पाठीचा स्नायू घेतल्यावर खांद्याची ताकद थोडी कमी पडल्याचे तिला जाणवेल. दिवसभर वाकून फरशी पुसणारी असेल, तिला पोट सांभाळायला हवे. पोटाच्या ऑपरेशननंतर काही दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते आणि निदान दीड-दोन महिने भरलेला हंडा उचलता येत नाही. घरात पाणी कोण भरणार, हे आधी ठरलेले बरे. डॉक्टर आपण होऊन हे विचारतीलच असे नाही. "मी अमुक काम करते" हे आपणच सांगावे.

आधीच्या ऑपरेशनांचीही माहिती द्यावी. सीझरचा आडवा व्रण किंवा कुटुंब नियोजनाचा लहान टाका बहुधा आड येत नाही. पोटावर उभा मोठा व्रण असेल तर रक्तवाहिन्या तुटलेल्या असू शकतात आणि बेत बदलावा लागतो. साखरेचा आजार असेल तर तो आटोक्यात आणावा लागतो.

आणि मिश्री. तंबाखू आम्ही खात नाही असे सांगणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि ती तंबाखूत मोजत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते. नव्या जागी आणलेली त्वचा अशाच बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असते. त्या आवळल्या की कडा काळ्या पडतात, जखम भरत नाही, आकार बिघडतो. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही मिश्री, तंबाखू, गुटखा बंद हवा. डॉक्टरांपासून हे लपवू नये.

केव्हा करायचे

स्तन काढताना त्याच वेळी पुनर्रचना करता येते किंवा उपचार संपल्यावर, वर्षा-दोन वर्षांनीही करता येते. त्याच वेळी केली तर त्वचा आणि घडी जपता येते, म्हणून आकार सहसा चांगला येतो. पण जखम चिघळली तर किमो लांबण्याची भीती असते. आणि रेडिएशन ही मोठी अडचण. शेक दिलेली त्वचा घट्ट होते, ताणत नाही. अशा त्वचेखाली इम्प्लांट आवळण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. म्हणून रेडिएशन लागणार असेल तर अनेक डॉक्टर थांबायला सांगतात आणि नंतर पोटाची किंवा पाठीची नवी त्वचा आणतात. यात क्रम कॅन्सरच्या डॉक्टरांनी ठरवावा. आकारासाठी किमो किंवा शेक पुढे ढकलू नये.

पुनर्रचनेमुळे कॅन्सर परत येतो किंवा नवा स्तन आतला कॅन्सर लपवतो अशी भीती वस्तीत ऐकू येते. पुनर्रचनेने कॅन्सर परतण्याचे प्रमाण वाढत नाही. तपासण्या मात्र ठरल्या वेळी चालू ठेवायच्या.

पहिल्या ड्रेसिंगला आरशात पाहून रडू येते, हेही सांगून ठेवतो. सूज असते, टाके असतात, नळ्या लावलेल्या असतात, बोंड नसते. आकार टप्प्याटप्प्याने येतो. सूज उतरायला महिने लागतात. खड्डा राहिला तर मांडीची किंवा पोटाची चरबी सुईने काढून तिथे भरतात. त्यातली काही जिरते, म्हणून पुन्हा भरावी लागू शकते. दुसरा स्तन मोठा किंवा उतरलेला असेल तर तो थोडा लहान करून किंवा उचलून जोडी जुळवतात. आमच्या मते या गोष्टीचा विचार बायका सर्वात कमी करतात, आणि अनेकदा सर्वात मोठा फरक तिनेच पडतो. शेवटी तिथल्याच त्वचेची घडी घालून बोंड करतात आणि भोवतीचा काळसर रंग गोंदवून काढतात. आपल्या आज्यांना गोंदण नवे नव्हते.

जे परत येत नाही तेही कळायला हवे. नव्या स्तनाला पूर्वीचा स्पर्श कळत नाही, थोडाफार परतला तरी अपुरा. म्हणून गरम पाण्याची पिशवी छातीवर ठेवू नये आणि चुलीशी, तव्याशी काम करताना जपावे. चटका बसला तरी कळणार नाही. त्या स्तनातून दूध येत नाही. व्रण फिके होतात, जात नाहीत.

ज्यांना ऑपरेशन नको

पुन्हा टेबलावर जायचे नाही असे ठरवणाऱ्या बाईचे काही चुकत नाही. तिने स्तन काढण्याच्या आधीच सर्जनला सांगावे की मला छाती सपाट आणि नीट हवी. नाहीतर काखेजवळ त्वचेचा लोंबता गोळा राहतो, तो ब्लाउजच्या बाहीत घासतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्रास देतो.

सिलिकॉनचा बाहेरून लावायचा स्तन बाजारात मिळतो, सुती धाग्याने विणलेलेही मिळतात. घरीही करता येतो. नुसता कापूस किंवा रुमाल हलका असतो, म्हणून तो वर सरकतो. दुसऱ्या स्तनाच्या मापाने मऊ सुती पिशवी शिवावी, वरच्या भागात कापूस कमी, खालच्या भागात जास्त भरावा आणि तळाला वेगळ्या छोट्या पुडीत मोहरी किंवा राळे घालून वजन आणावे. धुताना पुडी काढून ठेवावी. आणि ब्रेसियरला आतून कापडाचा खिसा शिवून तो त्यात घालावा. खिसा असला की वाकले तरी पडत नाही. जखम पूर्ण भरल्याशिवाय मात्र काहीही लावू नये.

खर्चाचे

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन येते. पुनर्रचनेचा कोणता भाग तुमच्या पॅकेजमध्ये बसतो, इम्प्लांट बाहेरून आणावे लागेल का, दुसऱ्या स्तनाचे ऑपरेशन त्यात आहे का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला तारीख घेण्यापूर्वी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही प्लास्टिक सर्जन असतात. "कॅन्सरचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन या दोघांशी मला एकदा बोलायचे आहे" एवढे म्हटले तरी पुरते. केसपेपर, बायोप्सीचा अहवाल आणि किती शेक झाले त्याची नोंद एका पिशवीत न्यावी. सोबत कोणीतरी असावे, कारण घाबरल्यावर अर्धे ऐकू येत नाही.

विहाराच्या दाराशी थांबलेल्या त्या ताईंबरोबर आमच्यातल्या दोघी गेल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले की छातीची त्वचा शेकामुळे घट्ट झाली आहे, इम्प्लांट नको. पोटाची चरबी पुरेशी आहे, टाका लहान आहे, त्याची अडचण नाही. ताईंनी घरी येऊन महिनाभर विचार केला. मुलीची बारावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर पाणी भरायला कोणी नाही, म्हणून त्यांनी मे महिना मागून घेतला आहे. दरम्यान शेजारच्या शिंपीणबाईंनी त्यांना खिशाची ब्रेसियर शिवून दिली. मिश्री सोडून त्यांना पाच आठवडे झाले आहेत.